बाबांना कॉर्निया बसवायचाय, पण तो मृत माणसाचा असतो. कितपत सेफ असतं हे?

पहाटवारा:

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा छान दिसायला लागलं होतं, पण गेल्या वर्षभरात त्या डोळ्यापुढे हळूहळू धुकं यायला लागलं, आधी सकाळी उठल्यावर जास्त आणि दुपारपर्यंत कमी व्हायचं, आता दिवसभरच असतं. मधूनच डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतं, पाणी वाहतं. डॉक्टर म्हणाले की कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, अगदी आतल्या थरातल्या पेशी खूप कमी झाल्यात, त्या परत तयार होत नाहीत, म्हणून कॉर्नियात पाणी साठून तो सुजलाय. थेंबांनी थोडं बरं वाटेल पण खरा उपाय म्हणजे दान केलेल्या कॉर्नियाचा आतला थर बसवणं.

बाबा ऐकूनच गप्प झाले. "गेलेल्या माणसाचं काही माझ्या डोळ्यात नको" एवढंच म्हणाले, आणि का नको ते त्यांना नीट सांगताही येत नाहीये. मी त्यांना दिवसभर समजावत होते आणि रात्री स्वतःच शोधायला बसले, तर वाचलं की कॉर्नियातून रेबीज झाल्याच्या केसेस आहेत. तेव्हापासून झोप नाही. बाबांना काय सांगू, मलाच धीर उरलेला नाही.

जिवंत माणूस निदान सांगू तरी शकतो की मला अमुक आजार होता, गेलेल्या माणसाचं कसं कळणार? रक्त तपासतात म्हणे, पण मृत्यूनंतरच्या रक्तात सगळं कळतं का? आणि आपल्याला दाता निवडता येत नाही, मग आपण डॉक्टरांना विचारायचं तरी काय? ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

काठावरचं_झाड:

मी दान केलेल्या कॉर्नियानेच हे टाइप करतेय, ११ वर्षं झाली. माझं केराटोकोनस होतं, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला, त्यामुळे माझा पूर्ण जाडीचा बदलला, १६ टाके होते डोळ्यात. तुमच्या बाबांचं त्यामानाने बरंच छोटं काम आहे.

गेलेल्या माणसाचं नको, हे मलाही वाटलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी अंधारात बसून विचार करत होते की आत्ता कुठल्यातरी घरात कोणीतरी गेलंय आणि मी इथे वाट बघतेय. तो विचार अजूनही येतो, पण आता भीती वाटत नाही, त्या घरातल्यांची आठवण काढल्यासारखं वाटतं. बाबांना घाई करू नका एवढंच सांगेन. आणि त्यांना हेही सांगा की पूर्ण डोळा कोणी बसवत नाही, पुढची पारदर्शक काच तेवढी बदलतात, त्यांच्या केसमध्ये तर तिचा आतला पापुद्रा फक्त. डोळ्याचा रंग बदलत नाही, नजर आपलीच राहते.

आता माझा अनुभव. इन्फेक्शनची मी इतकी धास्ती घेतली होती आणि त्रास झाला तो रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने बसवलेला कॉर्निया परका समजून नाकारण्याचा, तोही तिसऱ्या वर्षी, जेव्हा मी सगळं विसरून गेले होते. डोळा जरासा लाल झाला, उजेड खुपायला लागला, मला वाटलं जागरणाने असेल, मी दोन दिवस थांबले आणि तिसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं तेव्हा धावले. स्टिरॉइडचे थेंब तासातासाला घालून वाचला ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला कॉर्निया. डॉक्टर म्हणाले आणखी चार दिवस घालवले असते तर सांगता आलं नसतं. म्हणून लाली, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. हे कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवा.

पिंपळपान:

मी नेत्रपेढीत टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली. ताई तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे, गेलेला माणूस सांगू शकत नाही, मग कळतं कसं. म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या. नियम जागोजागी थोडे वेगळे असतात पण मूळ पद्धत सगळीकडे साधारण सारखीच.

फोन आला की आम्ही पहिल्यांदा डोळ्याचं विचारत नाही, मृत्यूचं कारण विचारतो. कारणच माहीत नसेल तर तो कॉर्निया रोपणासाठी घेत नाहीत. मग रेबीज किंवा रेबीजचा संशय, क्रुट्झफेल्ड्ट-याकोब हा मेंदूचा आजार, झपाट्याने वाढलेला आणि निदान न झालेला स्मृतिभ्रंश, मेंदूचा कसलाही अज्ञात संसर्ग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, ल्युकेमिया, लिम्फोमा, डोळ्याचे काही कॅन्सर, यातलं काही असेल तर तिथेच थांबायचं. बाकीचे बरेचसे कॅन्सर चालतात, याचं लोकांना नवल वाटतं, पण कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात त्यामुळे तिथे कॅन्सर पोचण्याचा धोका फार कमी.

नंतर घरच्यांशी बोलतो. कुत्र्याने किंवा दुसऱ्या कुठल्या प्राण्याने चावलं होतं का, गेल्या काही महिन्यांत वागण्यात, बोलण्यात, चालण्यात अचानक फरक पडला होता का, मेंदूचं ऑपरेशन झालं होतं का, लहानपणी वाढ होण्यासाठी हार्मोनची इंजेक्शनं घेतली होती का, इंजेक्शनने नशा करायचे का, तुरुंगात होते का. फार अवघड प्रश्न आहेत हो, समोर माणूस रडत असतो. पण हे विचारण्यावाचून गत्यंतर नाही, कारण रेबीज आणि तो क्रुट्झफेल्ड्टवाला आजार आमच्या नेहमीच्या रक्ततपासणीत सापडतच नाहीत. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून प्रवास करतो आणि कॉर्निया हा शरीरातल्या सगळ्यात दाट मज्जातंतूंच्या भागांपैकी एक. रक्त स्वच्छ येईल आणि तरी कॉर्नियात विषाणू असेल. तिथे मशीन उपयोगाचं नाही, घरच्यांचं खरं उत्तरच उपयोगाचं. तुम्ही ज्या केसेस वाचल्या त्या खऱ्या आहेत. पहिली १९७८ मधली, नंतर आणखी काही, पण जगभरच्या मिळून बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मेंदूच्या आजाराची १९७४ साली नोंदवलेली एक. दात्याबद्दलचे हे प्रश्न आज इतके कडक आहेत त्यामागे याच केसेस आहेत.

मग प्रत्यक्ष शरीर बघतो, सुयांच्या खुणा, कावीळ, जखमा. रक्त घेतो. त्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिस बघतात. मृत्यूनंतरच्या रक्तातल्या पेशी थोड्या फुटलेल्या असतात त्यामुळे साध्या टेस्टला कधीकधी गोंधळ होतो, म्हणून अशा रक्तावर तपासून बघितलेले किट वापरावे लागतात. आणि एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते, मृत्यूच्या आधी पेशंटला खूप सलाइन किंवा रक्त दिलेलं असेल तर त्याचं स्वतःचं रक्त पातळ झालेलं असतं आणि टेस्ट चुकून निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी किती बाटल्या गेल्या त्याचा हिशोब करतो, आधीचं सँपल मिळतंय का बघतो, नाही जमलं तर तो टिश्यू, म्हणजे ते कॉर्निया, सोडून देतो.

डोळ्यावर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक टाकून थांबायचं, धुवायचं, मग कॉर्निया भोवतीच्या पांढऱ्या कडेसकट काढून गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, २ ते ८ डिग्रीला ठेवायचा. नंतर स्लिट लॅम्पखाली डाग, जुनं ऑपरेशन, चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर केलंय का ते बघतो, आणि स्पेक्युलर मायक्रोस्कोपने आतल्या पेशी मोजतो. बाबांच्या ऑपरेशनला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यांच्याकडे त्याच पेशी कमी पडल्यात. साधारण एका चौरस मिलिमीटरमध्ये २००० च्या वर हव्यात, बरेच सर्जन त्याहून जास्त मागतात. आलेले सगळे कॉर्निया काही यातून पार होत नाहीत.

सायीचा_थर:

मध्येच विचारते, सॉरी. पण एचआयव्हीचा विंडो पीरियड असतो ना? म्हणजे नुकतीच लागण झालेली असेल तर टेस्ट निगेटिव्ह येणार. मग काय उपयोग? माझ्या मावशीने याच कारणासाठी तीन वर्षं ऑपरेशन लांबवलंय.

दूरचा_दिवा:

नेत्रतज्ज्ञ आहे, कॉर्नियाचंच काम करतो. पिंपळपान यांनी फार नीट लिहिलंय, मी फक्त राहिलेलं सांगतो.

सायीचा_थर, विंडो पीरियड असतो हे खरंच आहे. म्हणून तर इतिहास विचारतात, आणि काही ठिकाणी विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट टेस्टसुद्धा करतात, त्याने तो काळ बराच कमी होतो. पण मावशीला हे सांगा की कॉर्नियाच्या रोपणातून एचआयव्ही झाल्याची एकही सिद्ध झालेली केस आजवर नोंदलेली नाही. तपासण्या सुरू व्हायच्या आधीच्या काळात नकळत एचआयव्ही असलेल्या दात्यांचे कॉर्निया बसवले गेले होते, त्या पेशंटना पण लागण झाली नाही. हिपॅटायटिस बी च्या दोन केसेस नोंदलेल्या आहेत, १९८० च्या दशकातल्या. तरीही आम्ही एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस असलेल्या दात्याचा टिश्यू वापरत नाही, कारण "झालं नाही" म्हणजे "होणारच नाही" असं नसतं. पण तीन वर्षं सुजलेला कॉर्निया तसाच ठेवला तर त्यावर व्रण पडतात, वरचा थर जाडा होतो, आणि मग पातळ थराचं ऑपरेशन पुरत नाही. थांबण्यालाही किंमत आहे, ती पेशंटला कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

मला झोपेत सतावणारं इन्फेक्शन रेबीजचं नाही, साध्या जंतूंचं आणि बुरशीचं आहे. डोळ्याच्या आत पसरलेलं गंभीर इन्फेक्शन शंभरात एकापेक्षा कमी पेशंटना होतं, पण झालं तर नजर जाऊ शकते. थंड मीडियममध्ये अँटिबायोटिक असतं, बुरशीवरचं औषध मात्र बहुतेक वेळा नसतं. शिवाय थंडीत अँटिबायोटिक सुस्त असतं म्हणून ऑपरेशनच्या आधी बाटली काही वेळ खोलीच्या तापमानाला ठेवायची पद्धत आहे. तो गुलाबी रंग पिवळा पडला तर टिश्यू फेकायचा, पण गुलाबी आहे म्हणजे जंतू नाहीतच असं मी मानत नाही, थंडीत ते वाढतच नाहीत तर रंग कशाला बदलेल. युरोपात बऱ्याच ठिकाणी कॉर्निया ३१ ते ३७ डिग्रीला चार आठवड्यांपर्यंत ठेवतात, तिथे जंतू असले तर आधीच उगवून दिसतात, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा. थंड पद्धतीत आपण ग्राफ्ट कापून उरलेली कड कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू उगवतात का ते बघायला, लॅबला पाठवतो, रिपोर्ट दोनचार दिवसांनी येतो, आणि त्यात काही उगवलं तर पेशंटला लगेच बोलावून बघतो. पहाटवारा, तुमच्या डॉक्टरांना विचारा की कडेचं कल्चर पाठवता का आणि रिपोर्ट आला की आम्हाला कळवाल का. हा प्रश्न विचारला म्हणून कुठल्याही चांगल्या सर्जनला राग येणार नाही.

पहाटवारा:

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. मी सगळं दोनदा वाचलं, पिंपळपान यांचं तर तीनदा. रेबीजबद्दल वाचून आधी पोटात गोळा आला आणि मग का कोण जाणे, तुम्ही खरं आहे म्हणून सरळ सांगितलंत त्यानेच शांत वाटलं.

आणखी एक. काउन्सेलर मॅडम बोलता बोलता म्हणाल्या की दाता सत्तरीचाही असू शकतो. मी म्हटलं आधीच बाबांच्या पेशी म्हाताऱ्या होऊन गेल्या, त्यात परत म्हाताऱ्याच बसवायच्या? तरुण दाता मागता येतो का? आणि टिश्यू किती दिवस फ्रिजमध्ये होता ते विचारावं का?

दूरचा_दिवा:

वयाचं विचारलंत ते बरं केलंत, हा गैरसमज फार आहे. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला, हजारावर पेशंट होते, ६५ पर्यंतच्या दात्यांचा एक गट आणि ६६ ते ७५ वर्षांच्या दात्यांचा दुसरा. २००८ मध्ये निकाल आले, पाच वर्षांनी दोन्हीकडे ८६ टक्के ग्राफ्ट टिकलेले. दहा वर्षांनी ७७ आणि ७१ टक्के, म्हणजे थोडा फरक पण तो योगायोगानेही पडू शकेल इतकाच. आणि आता तर एक उलटीच गोष्ट आहे, बाबांना जर सगळ्यात पातळ थराचं, डीमेक म्हणतात ते करणार असतील तर आम्ही मुद्दाम वयस्क दाताच घेतो. हा पापुद्रा १०-१५ मायक्रॉनचा असतो, काढला की गुंडाळी होते, आणि तरुण दात्याची गुंडाळी इतकी घट्ट असते की डोळ्याच्या आत उलगडता उलगडता पेशी मरतात. सत्तरीतला पापुद्रा शहाण्यासारखा उलगडतो. वयापेक्षा पेशींचा आकडा विचारा.

फ्रिजचं म्हणाल तर २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात, थोड्या जाड थराच्या म्हणजे डीसेक ऑपरेशनमध्ये, ७ दिवसांपर्यंत ठेवलेले ग्राफ्ट तीन वर्षांनी ९५.३ टक्के टिकले होते आणि ८ ते १४ दिवस ठेवलेले ९२.१ टक्के. आठ-दहा दिवसांचा आहे म्हणून चांगला टिश्यू नाकारू नका.

रिजेक्शनही पातळ थरात कमी. २०१२ च्या एका तुलनेत दोन वर्षांत डीमेकला १ टक्का, आतल्या जाड थराला १२ आणि पूर्ण जाडीला १८ टक्के असं दिसलं होतं. रक्तगट जुळवायची गरज सहसा नसते.

ओंजळभर:

मी दुसऱ्या बाजूची आहे म्हणून लिहू की नको असं करत होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तिची इच्छा होती म्हणून आम्ही नेत्रदान केलं. पिंपळपान यांनी लिहिलेले ते प्रश्न मला फोनवर विचारले गेले, आई जाऊन दोन तास झाले होते. प्राणी चावला होता का, वागण्यात बदल झाला होता का, नशा करायच्या का. माझी आई. मी तेव्हा फोनवर ओरडले होते त्या मुलीवर, की तुम्हाला डोळे पाहिजेत ना मग घ्या आणि आमच्या आईची चौकशी कसली करता. ती शांतपणे म्हणाली, "ताई, ज्याला लावणार त्याच्यासाठी विचारतेय." मी उत्तरं दिली पण राग राहिला.

शेवटच्या महिन्यात आई खूप विसरायची, मध्येच मला ओळखायची नाही, हात थरथरायचे, आणि त्याचं निदान व्हायच्या आतच ती गेली. हे सांगायचं का, असं क्षणभर मनात आलं होतं. वाटलं सांगितलं तर घेणार नाहीत आणि आईची इच्छा राहील. तरी सांगितलं. नंतर कळवलं गेलं की तिचे कॉर्निया रोपणासाठी वापरले नाहीत. तेव्हा फार लागलं मला, जणू आईलाच नाकारलं. आज हा धागा वाचताना पहिल्यांदा कळलं की तो प्रश्न का होता. पहाटवारा, तुमच्या बाबांना सांगा की दुसऱ्या टोकालाही कोणीतरी खरं सांगतंय.

पिंपळपान:

ओंजळभर ताई, तुम्ही सांगितलंत ते फार मोठं केलंत. ज्या दोन लोकांना ते कॉर्निया बसले असते त्यांना हे कधी कळणार नाही, पण आम्हाला कळतं. आणि त्या फोनवरच्या मुलीच्या वतीने मी सांगतो, अशा फोननंतर आम्हीपण थोडा वेळ कुणाशी बोलत नाही.

एक गोष्ट ज्यांच्या घरी नेत्रदानाचा विचार आहे त्यांच्यासाठी. माणूस गेल्यावर त्याचे डोळे मिटून ठेवा, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी, आणि लवकरात लवकर फोन, काही तासांचाच वेळ असतो. चष्मा, मोतीबिंदू, बीपी, शुगर असलं तरी फोन करा, चालेल की नाही ते आम्ही बघू. २०१६ मध्ये आलेल्या जागतिक सर्व्हेत म्हटलंय की ७० लोकांना गरज असेल तर १ कॉर्निया मिळतो.

पहाटवारा:

ओंजळभर, तुमचं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "त्या बाईंची आई काय करायची?" मला माहीत नव्हतं. संध्याकाळी म्हणाले की डॉक्टरांना नाव नोंदवायला सांग.

आज जाऊन आलो. कडेचं कल्चर पाठवतात आणि रिपोर्ट कळवतात, पेशींचा आकडा ऑपरेशनच्या आधी आम्हाला दाखवणार आहेत. डीमेकच करणार. आता नवीन काळजी, डॉक्टर म्हणाले ऑपरेशननंतर उताणं झोपून राहायचं आणि बाबांना पाठदुखी आहे. किती वेळ असं राहावं लागतं?

काठावरचं_झाड:

किती आनंद झाला वाचून! पूर्ण जाडीला ते नसतं त्यामुळे मला स्वतःचा अनुभव नाही, पण माझ्या बाजूच्या बेडवरच्या काकूंना होतं. आत हवेचा बुडबुडा सोडतात, तो वर तरंगून पापुद्र्याला चिकटवून धरतो, म्हणून तोंड छताकडे. त्या जेवायला, बाथरूमला उठायच्या. गुडघ्याखाली उशी घेतली की पाठ कमी दुखते म्हणायच्या.

दूरचा_दिवा:

बरोबर. पहिला दिवस सगळ्यात महत्त्वाचा, पुढे बुडबुडा किती उरलाय त्यावर सर्जन सांगतील, साधारण एक ते तीन दिवस. गुडघ्याखालची उशी चालेल, डोक्याखालची नको. पाठीचं ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगून ठेवा, आणि घरी आत्ताच अर्धा-अर्धा तास उताणं पडायची सवय करू द्या. पापुद्रा कडेने सुटला तर परत हवा भरावी लागते, ते बऱ्याच जणांना लागतं, त्यात घाबरू नका. दुसऱ्या डोळ्याच्या पेशीही एकदा मोजून घ्या.